तिसरी तपासणी

दिवा लागला नाही, आणि ती जागीच थिजली. टेस्टरचं टोक शेजारच्या घराच्या चालू तारेवर टेकलेलं होतं. तार चालू होती यात शंका नव्हती. त्या घराच्या उघड्या दारातून फिरणारा पंखा दिसत होता, आत रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. दिवा लागायला हवा होता. मघाशी, मीटर बदलायचं काम सुरू करताना, याच तारेवर तो चांगला लखलखीत लागला होता. तिने टोक पुसलं, पुन्हा टेकवलं. अंधार. टेस्टर हलवला, तळहातावर आपटला, पुन्हा टेकवला. जिन्यात रंगाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. तिला एकदम वाटलं, आपण फार वेळ श्वास घेतलेला नाही.

नियम साधा होता. आधी चालू तारेवर टेस्टर लावून तो जिवंत आहे का बघायचं. मग ज्या मीटरला हात घालायचा, त्याच्यावर लावून वीज गेली आहे का बघायचं. आणि मग, हात घालण्याआधी, पुन्हा एकदा चालू तारेवर जाऊन टेस्टर अजून जिवंत आहे ना ते बघायचं. ही तिसरी तपासणी सहसा कुणी करत नसे. दुपारपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असायचे, पुढची घरं वाट बघत असायची, आणि आत्ताच तर बघितलं होतं की! तीही काही रोज करत होती असं नाही. आज केली, ती का केली, हे तिला सांगता आलं नसतं. पेटीचं झाकण काढून झालं होतं. डाव्या हातात पेचकस तयार होता. चेहऱ्यावरची काच तिने कपाळावर सरकवलेली होती, कारण श्वासाने ती धुरकट व्हायची. शेजारचं मीटर अगदी हातभर अंतरावर होतं, म्हणून सहज टोक लावलं, एवढंच. सहज.

तिने पिशवीतून दुसरा टेस्टर काढला. तो शेजारच्या तारेवर लावला, लागला. मग हळूच, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ काठी न्यावी तसा, बदलायच्या मीटरच्या तळाशी नेला. लागला. छोटा, नारिंगी, निवांत दिवा. तिने हात मागे घेतला. अंगाला काहीही झालं नव्हतं. ठिणगी उडाली नव्हती, साधी मुंगीही चावली नव्हती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होतं. पेच सैल केला असता तर ती जाड तार झटक्याने बाहेर आली असती, आणि बाजूच्या लोखंडी पेटीला टेकली असती. मग काय होतं, ते तिला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. ते तिच्या घरात राहत होतं. रोज संध्याकाळी ती त्याला जेवू घालत होती.

“झालं का हो ताई?” घरातले आजोबा दारात आले. बायको गेल्यापासून एकटेच असतात, हे त्यांनी ती आल्या आल्या, तिने विचारण्याआधीच सांगून टाकलं होतं. “चहा टाकला असता, पण माझी शेगडी विजेची. तुम्ही वीज दिल्याशिवाय तुम्हालाच चहा नाही. आहे की नाही गंमत?”

“आजोबा,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. “मघाशी मी विचारलं, वीज गेली का. तुम्ही म्हणालात, गेली.”

“गेलीच होती ना! गेली म्हणजे काय, मीच घालवली. तुम्ही खालच्या माणसाला हाक मारलीत ना, बंद कर म्हणून? म्हटलं आपणही हातभार लावावा. आतलं मोठं बटण मीच खाली ओढलं.” ते खूश होते. “म्हातारा झालो तरी एवढं कळतं मला. विजेशी खेळ नको.”

आजोबांनी आतलं बटण बंद केलं, म्हणून घरातले दिवे गेले. पण मीटरपर्यंत येणारी वीज त्या बटणाच्या अलीकडची. ती तशीच वाहत होती. आणि खाली, इमारतीच्या फ्यूजच्या पेटीशी, जावईबापूने भलताच फ्यूज काढला होता. जावईबापू म्हणजे तिच्या जोडीचा लाइनमन. गाडीत असा पाय पसरून बसायचा की आत्ता कुणीतरी पाटावर बसवून ओवाळणार आहे, म्हणून हे नाव. तिने जिन्यातून ओरडून त्याला फ्यूजचा नंबर पुन्हा वाचायला लावला. मग खालून आवाज आला, “वहिनी, यांनी पेटीला रंग मारलाय. नंबर रंगाखाली गेलेत. मी अंदाजाने...” ज्याचा फ्यूज त्याने काढला होता, त्या तळमजल्याच्या घराला कुलूप होतं. तिथे अंधार झाला तरी ओरडायला कुणी नव्हतं.

तो धापा टाकत वर आला. वर येताना त्याने टोपी काढून हातात घेतली होती, मयताला आल्यासारखी. “वहिनी, काळ आला होता पण वेळ आली नव्हती,” तो म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला, आणि ते जमेना तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसला. वीजखात्यातले सगळे तिला वहिनीच म्हणत. ती स्वतःच्या नावाने त्या खात्यात आलीच नव्हती. भाजलेल्या माणसाची बायको म्हणून तिला नोकरी मिळाली होती, त्याच कामावर, कारण दुसरी जागा रिकामी नव्हती. पहिल्या दिवशी तिला मिळालेल्या हातमोज्यांची बोटं फार लांब होती. पुरुषांच्या मापाची. टोकाला रिकामी रबरी बोटं लोंबायची, आणि तिला नवऱ्याच्या हाताची आठवण व्हायची, उलट बाजूने. त्याच्याकडे बोटं कमी होती आणि हिच्याकडे जास्तीची.

तो भाजला त्या दिवशी तिने त्याला घरी नाही, थेट इस्पितळात बघितलं होतं. दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे, भुवया नाहीत, ओठ सुजलेले. त्या ओठांतून त्याचं पहिलं वाक्य आलं होतं, “मी तपासलं होतं.” तिचं नाव नाही, पाणी नाही, आई नाही. मी तपासलं होतं. मग चौकशीचे साहेब आले, चांगले होते बिचारे, खुर्ची ओढून जवळ बसले, आणि त्यांनाही तो तेच म्हणाला. ते मान हलवत राहिले, जशी ताप चढलेल्या माणसापुढे हलवतात. तपासलं असतं तर भडका कसा उडाला असता? तपासलेल्या तारेत वीज असत नाही, आणि वीज नसलेली तार भाजत नाही. शेवटी ठरलं ते एका शब्दात ठरलं: निष्काळजीपणा. त्याच्या आईने तो शब्द घरात उच्चारू दिला नाही. “माझा पोरगा जेवणाआधी ताट दोनदा पुसणारा. तो म्हणतो तपासलं, तर तपासलं.” सासूबाईंना विजेतलं काही म्हणता काही कळत नव्हतं. इस्त्रीला हात लावताना त्या देवाचं नाव घेत. पण त्या एकट्याच होत्या ज्यांना पुराव्याची गरज वाटली नाही. त्या गेल्या तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारं शेवटचं माणूस गेलं. हे त्यालाही कळलं असणार. त्यानंतर त्याने ते वाक्य म्हणणं सोडून दिलं.

कारण तिचा विश्वास नव्हता. तिने तसं कधी तोंडाने म्हटलं नाही. तो म्हणायचा, मी तपासलं होतं, आणि ती म्हणायची, हो, आणि त्याच्या शर्टाचं बटण लावायची. पण त्या ‘हो’मध्ये काय होतं ते दोघांनाही ऐकू यायचं. नवरा खोटं बोलतो म्हणून तिला राग नव्हता. उलट होतं. आता जिन्यात उभं राहून, एका हातात मेलेला आणि एका हातात जिवंत टेस्टर धरून, तिला ते स्वच्छ दिसलं. तिला त्याची चूक हवी होती. रोज सकाळी ती पिशवी खांद्याला लावून निघायची, परक्या घरांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत हात घालायची, ते एवढ्याच जोरावर की त्याने तपासलं नव्हतं आणि मी तपासते. त्याला झालं ते न तपासणाऱ्याला होतं. मला होणार नाही. त्याने तपासूनही भडका उडाला असेल, तर मग तिच्यात आणि त्या गाठोडं झालेल्या हातांत काहीच उरत नव्हतं. तो दोषी असेल तरच ती सुरक्षित होती. इतकी वर्षं ती त्याच्या दोषावर पाय ठेवून उभी होती, रबरी चटईवर ठेवावा तसा. आणि तो दोष आज पायाखालून सरकला. टेस्टर मध्येच मरू शकतो. माणूस नियमाने तपासतो, दिवा लागत नाही, माणूस म्हणतो वीज नाही, आणि पेच सैल करतो. एवढं साधं. त्याच्या वेळी तिसरी तपासणी शिकवतच नव्हते. तिला शिकवली होती, ‘हे नवीन आहे, नीट लिहून घ्या’ असं म्हणून. नवीन का, हे वर्गात कुणी विचारलं नाही. तिनेही नाही. म्हणजे कुणाला तरी, वरच्या कुठल्या तरी खोलीत, शंका आली होती की तो माणूस खरं बोलत असेल. शंका नियमात गेली. त्याच्या घरापर्यंत आली नाही.

“ताई, तुम्हाला बरं वाटत नाही का?” आजोबांनी पाण्याचा पेला आणला होता. “माझं काही चुकलं का? मी ते बटण...”

त्यांना सांगावं का? सांगितलं तर हा माणूस पुढचे कित्येक दिवस झोपणार नाही. नाही सांगितलं तर पुढच्या खेपेला येणाऱ्यालाही असाच हातभार लावेल. ती पाणी प्यायली. पेला धरलेला हात स्थिर होता, हे तिला विचित्र वाटलं. जणू हाताला अजून बातमी पोहोचली नव्हती.

“आजोबा, पुन्हा कुणी आलं तर आतलं काही बंद करू नका. आम्ही विचारलं की जे दिसतं तेवढंच सांगायचं. तुम्ही आतून बंद केलंत, म्हणून आम्हाला वाटलं बाहेरून बंद झालं.”

आजोबांचा चेहरा सावकाश बदलला. त्यांनी उघड्या पेटीकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या पेचकसाकडे. “म्हणजे मी तुम्हाला...” ते म्हणाले, आणि दाराच्या चौकटीला धरून राहिले.

“काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “मी उभी आहे की तुमच्यासमोर.”

“माझी मुलगी तुमच्याएवढी आहे,” आजोबा म्हणाले. ते आत गेले, आणि काम होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

जावईबापूने खाली जाऊन रंग खरवडला, नंबर शोधला, फ्यूज काढला आणि खिशात घातला, आणि पेटीपाशी पहारेकऱ्यासारखा उभा राहिला. आज पहिल्यांदाच तो गाडीत जाऊन बसला नाही. तिने काच चेहऱ्यावर ओढली. चालू तारेवर: लागला. मीटरवर: नाही. पुन्हा चालू तारेवर: लागला. मग तिने पेच फिरवला. तार सैल झाली, बाहेर आली, हलकेच पेटीच्या कडेला घासली आणि काही झालं नाही. काहीच नाही. काचेच्या आत तिच्या श्वासाची वाफ धरली आणि सगळं पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. तिला रडायला आलं असतं तरी ते कुणाला दिसलं नसतं. पण रडू आलं नाही. तिने जुनं मीटर उतरवलं, त्याच्या तळाची जळकी काळी बाजू बघितली, नवं बसवलं, पेच आवळले, ओढून बघितले. वीज आली तेव्हा आत आजोबांच्या घरात कुठलं तरी यंत्र टुक करून सुरू झालं. चहाचं कुणी बोललं नाही.

गाडीत जावईबापूने टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “वहिनी, हे वर कळवायचं का?” तिने मेलेला टेस्टर त्याच्यासमोर धरला. “कळवायचं. मी कळवणार. तुझंही आणि याचंही.” तो मान खाली घालून म्हणाला, “कळवा. मीच म्हणणार होतो.” तो खरंच म्हणणार होता का, तिला माहीत नव्हतं. पण आज कुणावर अविश्वास ठेवायची तिची हिंमत नव्हती. दिवसभराची उरलेली घरं तिने पुरी केली. प्रत्येक ठिकाणी ती तीनदा तपासत होती आणि प्रत्येक वेळी तिसऱ्यांदा दिवा लागला की समाधान वाटण्याऐवजी एक नवीनच विचार यायचा: आणि दोन्ही टेस्टर मेले तर? आणि या तिसऱ्या तपासणीनंतर, पेचाला हात लावेपर्यंत, मेला तर? नियमाच्या पलीकडे अजून एक पायरी असणार, जी अजून कुणी भाजलं नाही म्हणून लिहिली गेली नाही. एका घरातल्या बाईने विचारलं, “भीती नाही वाटत हो तुम्हाला?” रोज कुणी ना कुणी विचारायचं, आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं, नियमाने वागलं की भीती कसली. आज ती नुसती हसली. ते हसू चेहऱ्यावर फार वेळ राहिलं असावं, कारण त्या बाईने नजर दुसरीकडे वळवली.

घरी आली तेव्हा तो खिडकीशी बसला होता, नेहमीसारखा, उजेड कमी होत जाताना बघत. दिवा लावायचा तर त्याला कोपराने लावता यायचा, पण तो लावत नसे. तिने दिवा लावला, हातपाय धुतले, ताट वाढलं, त्याच्यासमोर बसली. पहिला घास दिला. दुसरा दिला. दिवसभर जुळवलेली वाक्यं होती. त्यातलं एकही कामाचं वाटेना.

“आज माझा टेस्टर मध्येच मेला,” ती म्हणाली.

त्याचं चावणं थांबलं.

“आधी लागला होता. मग मीटरवर लावला, तर नाही लागला. मला वाटलं, वीज गेली. तिसऱ्यांदा बघितलं म्हणून कळलं. मीटर चालू होतं.”

त्याने तिच्या हातांकडे बघितलं. आधी उजवा, मग डावा, मग चेहरा, मग पुन्हा हात, एकेक बोट मोजल्यासारखं.

“तुम्ही तपासलं होतं,” ती म्हणाली. “टेस्टर मेला असणार तुमचा. तुम्ही खरं सांगत होता.”

तो खिडकीकडे वळला. बाहेर आता काही दिसण्यासारखं नव्हतं. तिला वाटलं होतं तो रडेल, किंवा चिडेल, म्हणेल आत्ता कळलं का, आई जाईपर्यंत थांबलीस. तिने या सगळ्याची तयारी करून ठेवली होती. तो शांतपणे म्हणाला, “मला आता आठवत नाही.”

“म्हणजे?”

“तपासलं होतं का, ते. इतक्या वेळा सांगितलं, की सांगणंच तेवढं आठवतं. हात नेमका कुठे होता, दिवा बघितला की नाही, काही दिसत नाही. डोळे मिटले की इस्पितळातलं छत दिसतं आणि मी म्हणतोय, तपासलं होतं. त्याच्या आधीचं काहीच नाही.”

“मला माहीत आहे ना पण. मी सांगते, तपासलं होतं.”

“तू नको सांगू.” तो पहिल्यांदाच जोरात बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुला पटलं नव्हतं, ते मला कळत होतं. पहिल्या दिवसापासून. आधी वाईट वाटायचं. मग तू कामाला जायला लागलीस. म्हटलं, राहू दे. नवरा निष्काळजी होता असं वाटत असेल तर ही जपून काम करेल. उठून जायला हिला बळ येईल. आई गेल्यावर मी तो विषयच काढला नाही, तो त्यासाठीच. तुला वाटलं असेल मी हरलो.”

तिला तसंच वाटलं होतं. हातातला घास हातातच राहिला. इतकी वर्षं ती जो ‘हो’ म्हणत होती, तो किती पोकळ आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या पोकळीत त्याने स्वतःला मुकाट्याने बसवून घेतलं होतं, तिच्यासाठी, तिला न सांगता. आपण ज्याच्यावर पाय ठेवून उभे होतो तो माणूस खाली जागा होता.

“उद्या जाऊ नकोस,” तो म्हणाला.

“उद्या नाही गेले तर परवा जावं लागेल. परवा नाही तर मग कधीच जाता येणार नाही. तुम्हाला माहीत आहे ते.”

त्याला माहीत होतं. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या माणसाला एकदा दिवा न लागण्याची भीती बसली, तो घरी बसला की ती भीतीही घरात येऊन बसते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

“मग जा,” तो म्हणाला. “पण मला निष्काळजी समजूनच जा. त्याने तपासलं नव्हतं, असं मनात म्हण आणि मग हात घाल. ऐकतेस ना?”

तिने घास पुढे केला. त्याने तोंड उघडलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, घास हवेत थांबलेला, तिचा हात आता पहिल्यांदा थरथरायला लागलेला. तो वाट बघत होता.

“हो,” ती म्हणाली.

मग त्याने तोंड उघडलं.